लंगड्या कुत्र्याचे औषध : खंबायतपासून सातपुड्यापर्यंत



गेल्या महिन्यात मंडळात एकीने विचारले, "आमच्या कुत्र्याला आता जिना चढवत नाही. मुलाने पुण्याहून सांध्यांची पावडर पाठवली आहे. डब्यावर शिंपल्याचे चित्र आहे. द्यावी का?" दुसरी लगेच म्हणाली, "कुत्र्याला कसला धर्म? त्याने थोडीच व्रत घेतले आहे!" त्यावर तिसरी म्हणाली, "पण देणारा हात तर आपला ना?"

तिघींचेही बरोबर होते, म्हणून उत्तर लगेच देता आले नाही. आमच्याही घरी बारा वर्षांचा मोत्या आहे आणि गोदामात उंदरांच्या निमित्ताने आलेली, आता म्हातारी झालेली एक मांजर आहे. मग मी वाचत गेले. मी वाणिज्य शाखेची, डॉक्टर नव्हे. पण जमा कोणती, खर्च कोणता आणि खात्यावर न दाखवलेला खर्च कोणता, एवढे शोधायची सवय वडिलांच्या दुकानातल्या रोजकीर्दीपासून लागलेली आहे. त्याच सवयीने हा लेख लिहिते आहे.

लंगडी कुत्री-मांजरे आणि सुरतेचा रस्ता

म्हाताऱ्या, लंगड्या जनावराचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे. गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्यात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा आपण सुरू केली आणि औषधी वनस्पती नव्हत्या तिथे आणवून लावल्या, असे त्याने कोरून ठेवले आहे. त्याच डोंगरावर आपले नेमिनाथ भगवान. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून वरात सोडून गेलेले. एकाच डोंगराशी या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, याचे मला प्रत्येक यात्रेत नवल वाटते.

जुन्या काळी घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र होते, हत्तींसाठी पालकाप्याचे. राजाला घोडे-हत्ती लागत, म्हणून त्यांच्या दुखण्यांवर ग्रंथ झाले. तेराव्या शतकात हंसदेव नावाच्या जैन पंडिताने मृगपक्षिशास्त्र लिहिले. मारुती चितमपल्लींमुळे ते आज मराठीतही वाचता येते. त्यात पशुपक्ष्यांची रूपे आणि स्वभाव आहेत. पण गल्लीतल्या कुत्र्याच्या गुडघ्यासाठी स्वतंत्र शास्त्र कोणी लिहिले नाही. त्या कुत्र्याच्या वाट्याला आले ते पांजरापोळ.

इंग्लंडहून १५८३ मध्ये निघालेल्या राल्फ फिच या व्यापाऱ्याने खंबायतबद्दल लिहिले आहे की तिथले लोक काही मारत नाहीत, आणि गावात लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी व पक्ष्यांसाठी इस्पितळे आहेत. पुढे शंभर वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेला आला. त्यानेही गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी, लंगड्या किंवा वयाने थकलेल्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले. दोघांनाही ते विचित्र वाटले होते. त्यांच्या देशात कामातून गेलेले जनावर संपवणे हीच दया समजत.

सुरत आपल्याला परकी नाही. तापीकाठची गाडी पकडली की काही तासांत पोचतो, आणि त्या काळी सुरत-बऱ्हाणपूरचा व्यापारी रस्ता नंदुरबारवरूनच जायचा. त्याच रस्त्याने १६३० च्या शेवटी पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी गेला. मोठा दुष्काळ पडला होता. सुरतेपासून नंदुरबारपर्यंतचा रस्ता मेलेल्या माणसांनी भरला होता, असे त्याने नोंदवले आहे. हे मी मुद्दाम सांगते. कुत्र्याच्या गुडघ्याबद्दल बोलले की कोणीतरी म्हणतेच, "इथे माणसांना औषध मिळेना!" हा आक्षेप त्या काळीही खरा होता आणि आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांकडे पाहिले तर आजही खोटा नाही. म्हणून जनावरावर खर्च करताना तो फुकट जाऊ नये, ही जबाबदारी दुप्पट होते. ज्या पावडरीने काही होत नाही तिच्यावर महिन्याला हजार-पंधराशे घालवणे हे दयेच्या खात्यावर लिहिता येत नाही.

मुंबई, जून १८३२

आता कुत्र्यांचाच इतिहास. मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. उन्हाळ्यात ठराविक दिवस ही मोहीम चाले आणि एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घराच्या अंगणातलीही कुत्री ओढून नेत. १८३२ मध्ये मोहिमेची मुदत वाढवली गेली, आणि जूनच्या ६ तारखेला पारशी मंडळींचा संयम सुटला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीतही प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा सगदीदचा विधी आहे. फोर्टात मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, त्यात जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले. गोऱ्या सैनिकांच्या छावणीला रोजचा माल मिळेना.

यातून मार्ग काढणाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई पुढे होते. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, अशी मागणी सरकारपुढे गेली. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १८३४ रोजी, मुंबईचे पांजरापोळ सुरू झाले. जमशेटजींच्या बरोबरीने त्यात होते शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद. शत्रुंजयावर ज्यांची टूंक आपण पाहतो तेच. एक पारशी, एक जैन. व्यापारातही दोघे भागीदार. जमशेटजींचा पैसा चीनच्या व्यापारातला होता आणि त्यात कापसाबरोबर अफूही होती. खाते लिहायचे तर तीही बाजू लिहायला हवी.

पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली, १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खंबायतच्या आश्रयस्थानापासून परळच्या दवाखान्यापर्यंत येताना एक गोष्ट बदलली. आधी जनावराला जागा, चारा आणि शांत मरण मिळे. आता त्याचा रोग कोणता, हे विचारले जाऊ लागले. माझ्या मते दया तिथे थोडी मोठी झाली.

कवचातून निघालेली साखर

आता पावडरीकडे येऊ. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. वय, वजन, जुनी दुखापत किंवा जन्मतः बसका खुबा यामुळे ती झिजते, सांधा सुजतो आणि दुखतो. कूर्चेच्या घडणीत ग्लुकोसामाइन नावाची एक साखर लागते. ती पहिल्यांदा वेगळी केली १८७६ मध्ये जर्मन वैद्य गेओर्ग लेडरहोझे याने. समुद्री प्राण्यांच्या कवचात कायटिन असते. ते तीव्र आम्लात उकळले आणि ही साखर मिळाली. आजही बाजारातले बरेचसे ग्लुकोसामाइन कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांतूनच येते. त्याच्या जोडीने येणारे कॉन्ड्रॉइटिन गाई-बैलांच्या श्वासनलिकेतून, डुकराच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेतून काढतात. हिरव्या कडेचे शिंपले न्यूझीलंडचे.

म्हणजे शंका बरोबर होती. आणि डब्यावर हिरवा ठिपका शोधून उपयोग नाही, कारण हिरव्या-तपकिरी चिन्हाचा नियम माणसांच्या अन्नासाठी आहे. जनावरांच्या पूरक खाद्यावर तो असेलच असे नाही.

पण माल कुठून आला याआधी, तो लागू पडतो का, हे पाहू. १९९७ मध्ये अमेरिकेत सांधेदुखी बरी करण्याचा दावा करणारे एक पुस्तक तुफान खपले आणि ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन घरोघरी गेले. माणसांकडून ते त्यांच्या कुत्र्यांकडे गेले. मग अमेरिकन सरकारच्या पैशाने गुडघेदुखीच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २००६ मध्ये आला : सगळ्यांचा मिळून विचार केला तर साखरेच्या खोट्या गोळीपेक्षा फार फरक नाही. जास्त दुखणाऱ्या एका छोट्या गटात थोडी आशा दिसली, एवढेच.

कुत्र्यांचे काय? २००३ च्या एका चाचणीत कुत्र्यांना दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवले. दुखरा पाय जमिनीवर किती जोराने टेकतो, हे यंत्र सांगते. यंत्राला भीड पडत नाही. वेदनाशामक औषधे दिलेल्या कुत्र्यांचे पाय अधिक जोराने टेकू लागले, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनवाल्यांचे नाही. २००७ च्या दुसऱ्या एका चाचणीत सत्तर दिवसांनी काही सुधारणा दिसली होती. शेवटी २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ने वेदना कमी होते याला चांगला आधार आहे; ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनला नाही, ते देऊ नये.

मग शेजारणीचा कुत्रा पावडरीने पळायला लागला तो कसा? त्याचेही उत्तर आहे. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या अठ्ठावन्न कुत्र्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली होती. पायाचा दाब बदलला नव्हता तरी मालकांना निम्म्याहून अधिक वेळा सुधारणा दिसली. डॉक्टरांनाही बऱ्याच वेळा दिसली! सांध्याचे दुखणे असेही कमी-जास्त होत असते. फार दुखले की आपण औषध आणतो, आणि पुढच्या आठवड्यात ते आपोआप थोडे कमी होते. त्यात आपला जीव गुंतलेला. आपल्याला बरे दिसावे असे वाटते, म्हणून दिसते.

गिधाडांचा धडा

"वेदनाशामक लागू पडते ना, मग द्या आणि मोकळे व्हा," असे म्हणावेसे वाटेल. पण त्या वाटेवर आपल्या देशात एक मोठा अनर्थ झाला आहे आणि तो दयेतूनच झाला आहे.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालायची. आता नातवंडांना गिधाड दाखवायचे तर चित्रात. १९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक जनावरांना सर्रास टोचले जाऊ लागले. थकलेला बैल, सुजलेल्या गुडघ्याची गाय. कोणालाही ते दुःख पाहवेना. जनावराला आराम पडे. पण इंजेक्शननंतर लवकर मेले तर औषध मांसात राही, आणि ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. कारण सापडले २००४ मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवाहून अधिक संपत आली होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाली. गिधाडांना न मारणारे औषध म्हणून मेलोक्सिकॅम पुढे आले. कुत्र्याच्या सांधेदुखीला डॉक्टर पुष्कळदा हेच लिहून देतात.

याची साखळी लांब गेली. पारशांच्या दख्म्यांवर गिधाडे येईनाशी झाली. उघड्यावर पडलेली ढोरे खायला भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्यांचा धोका. १८३४ मध्ये कुत्र्यांसाठी एकत्र आलेल्या पारशी आणि जैन शेठजींच्या शहरात हे सगळे घडले. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. आपल्याकडे म्हणूनच अहिंसेबरोबर जयणा सांगितली आहे. पाणी गाळून घेतो, दिवा झाकतो, दाणे निवडतो, तसेच औषधही निवडून, विचारून द्यायचे.

घरातही हाच नियम. माणसाची गोळी अर्धी करून जनावराला देणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. तापाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ती निचरा करता येत नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करते. साखर नसलेल्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असेल तर तेही कुत्र्याला घातक. मेलोक्सिकॅमसुद्धा डॉक्टरांनी वजन पाहून, मूत्रपिंडाची तपासणी करून सांगितले तरच. मांजरात तर फारच जपून.

ऊणोदरी आणि अन्नपाननिरोध

आता या सगळ्या वाचनात मला सर्वांत मोलाचे सापडले ते सांगते. ते कुठल्याही डब्यात मिळत नाही.

अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी अठ्ठेचाळीस लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला जेवढे अन्न, त्याहून पंचवीस टक्के कमी दुसऱ्याला. पिल्लूपणापासून मरेपर्यंत. निकाल २००२ मध्ये छापून आला. कमी खाणारे साधारण १३ वर्षे जगले, पोटभर खाणारे ११.२ वर्षे. सांध्यांच्या दुखण्यावर कायमचे औषध सुरू करायची वेळ कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. एवढा फरक दाखवणारी कुठलीही पावडर माझ्या वाचनात आली नाही.

भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, याला आपण ऊणोदरी म्हणतो. बाह्य तपांच्या यादीत ते दुसरे. उपवास जमणाऱ्यांनाही ऊणोदरी जड जाते, असे साध्वीजी नेहमी म्हणतात, कारण ताट समोर असताना हात थांबवायचा असतो.

पण इथे एक अडचण उभी राहते आणि ती आमच्या घरात सासूबाईंनीच काढली होती. मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढायचा? अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्न-पाणी रोखणे. पाचही जनावरांच्या बाबतीत रोज घडणारे. मग कुत्र्याची पोळी कमी करणे हा अन्नपाननिरोध नाही का?

मी यावर खूप विचार केला. माझे मत असे. अतिचारात रोखणारा राग धरून किंवा पैसा वाचवायला रोखतो, आणि जनावर त्यामुळे झुरते. वैद्य रुग्णाचे पथ्य ठरवतो तेव्हा रोखण्याचा हेतू त्याचे दुःख कमी करणे हा असतो. चौथा अतिचारही विसरू नये. लठ्ठ कुत्र्याच्या झिजलेल्या सांध्यांवर पाच-सहा किलो जादा चरबी हा अतिभारच आहे, आणि तो आपण लाडाने लादलेला असतो. कुत्रा स्वतः तप करू शकत नाही. त्याच्या वतीने ऊणोदरी पाळायची ती वाढणाऱ्या हाताने. घरात पाच माणसे आणि प्रत्येकजण "एकच बिस्किट" देणारा, हे थांबवणे फार कठीण असते. आमच्याकडे सकाळी मोत्याचा दिवसभराचा वाटा एका डब्यात मोजून काढतात. ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातून करावेत. सासूबाईंनाही हे पटले, कारण उपाशी कोणी राहत नव्हते.

बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत, हे साधे माप. म्हातारे जनावर काही न करता वाळत असेल तर मात्र तो आजार समजा आणि दवाखाना गाठा. मांजराला एकदम उपाशी कधीच ठेवू नका. लठ्ठ मांजराचे यकृत दोन-चार दिवसांच्या उपासानेही बिघडते. आणि प्रसादातले बेदाणे, मनुका कुत्र्याला नकोत, त्या त्याला विषारी ठरू शकतात. कांदा-लसूणही दोघांना वाईट, पण आपल्या घरी तो प्रश्न येत नाही!

मग निवडायचे काय?

ओमेगा-३ ला आधार आहे, पण ते माशाचे. जवसाचे चालेल का, असे आपल्याला वाटणारच. खानदेशात जवसाची चटणी घराघरांत. जवसात ओमेगा-३ आहे, पण त्याचे उपयोगी रूप कुत्र्याच्या शरीरात फार थोडे बनते आणि मांजराच्या जवळजवळ नाहीच. माशात तरी ते येते कुठून? समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून. ते शेवाळ टाक्यांत वाढवून थेट तेल काढतात आणि ते विकतही मिळते. डब्यावर "तेल १००० मिलिग्रॅम" एवढेच लिहिले असेल तर फसू नका. त्यात ईपीए आणि डीएचए किती, हा आकडा पाहा. शेवाळाच्या काही तेलांत डीएचए भरपूर आणि ईपीए नगण्य असते. किती द्यायचे ते वजनावर आणि डॉक्टरांवर.

आता जाणकार मैत्रिणी म्हणतील, शेवाळ तर अनंतकाय. खरे आहे, आणि ग्लुकोसामाइनचा बुरशीपासून केलेला शाकाहारी प्रकार मिळतो त्यालाही हाच आक्षेप लागेल. मी स्वतःसाठी अनंतकाय वर्ज्य मानते. पण इथे एका बाजूला पंचेंद्रिय मासा आहे, दुसरीकडे एकेंद्रिय शेवाळ आणि मध्ये आपल्यावर अवलंबून असलेला पंचेंद्रिय जीव कण्हतो आहे. गृहस्थाला पूर्ण अहिंसा शक्य नाही, म्हणूनच तर त्याचे व्रत अणुव्रत. मी शेवाळाचे तेल निवडले. ज्यांना तेही नको त्यांनी वजन, बिछाना आणि डॉक्टरांचे औषध एवढ्यावर भर द्यावा. त्यांचे जनावर फार काही गमावणार नाही.

आपल्या सातपुड्याचाही एक उपाय आहे. कोरड्या उतारांवर सालईची झाडे असतात, साल कागदासारखी सुटणारी. तिच्या डिंकाला आयुर्वेदात शल्लकी म्हणतात आणि सांध्यांच्या सुजेवर तो जुना आहे. २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तो सांधे आणि मणक्याचे दुखणे असलेल्या कुत्र्यांना दिला. हिशोबात धरलेल्या चोवीसपैकी सतरा कुत्र्यांत सुधारणा नोंदवली गेली. मात्र त्यात तुलनेला खोटी गोळी नव्हती, आणि मालकांच्या डोळ्यांबद्दल वर लिहिलेच आहे. म्हणून आशा ठेवावी, खात्री नाही. पूजेच्या दुकानातला धूप आणून चारू नका; औषध म्हणून तयार केलेला अर्क, तोही डॉक्टरांना विचारून.

मांजराबद्दल एक वेगळी गोष्ट. १९९० च्या दशकातल्या शंभर म्हाताऱ्या मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत बारा वर्षांवरच्या नव्वद टक्के मांजरांचे सांधे झिजलेले दिसले. तरी मांजर लंगडताना आपल्याला फारशी दिसत नाही. ती फक्त उंच उडी मारणे सोडते, अंग चाटणे कमी करते, पाठीवरचे केस गुंततात. आपण म्हणतो, म्हातारी झाली. गोदामातल्या आमच्या मांजरीला पोत्यांच्या थप्पीवर चढायला दोन खोकी पायऱ्यांसारखी लावून दिली आहेत. आणि तिला शाकाहारी करायच्या फंदात पडू नये. तिचे शरीर तसे बनलेले नाही.

बाकी खर्च हलका आहे. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. तिथे गोणपाट किंवा पायपुसणी अंथरावी. झोपायला जाड गोधडी, पाण्याचे भांडे थोडे उंचावर, नखे वेळेवर कापलेली, आणि एका लांब फेरीऐवजी ऊन उतरल्यावर छोट्या छोट्या दोन-तीन फेऱ्या. खंबायतच्या त्या इस्पितळात याहून वेगळे फारसे काही नसणार : पडायला जागा, बेताचे अन्न आणि कोणी न हाकलणे.

काही नवे सुरू करायचे असेल तर एका वेळी एकच. त्याआधी कुत्रा चालताना, उठताना आणि पायरी चढताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा आणि दोन्ही शेजारी ठेवून घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला आधीचे कोणते हे सांगितलेले नाही. फरक दिसत नसेल तर डबा बंद. वजनासाठी वेगळा काटा नको. कुत्र्याला उचलून घेऊन घरच्या काट्यावर उभे राहायचे आणि त्यातून आपले वजन वजा करायचे. मोठा कुत्रा उचलवत नसेल तर धान्याच्या आडतीत मोठा काटा असतो. आकडा दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा.